लाल कार्डं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. कारखान्याबद्दल लिहिण्याइतकं मला कळतं का, हा प्रश्नच आहे. चुकलं तर माफ करा. पण तिथली किळस अजून गेलेली नाही, आणि त्यातली निम्मी माझी मलाच येते.

शेवटच्या वर्षी इंटर्नशिपला मी अनगोळजवळच्या एका छोट्या कारखान्यात होतो. ऑर्डर येईल तसे सुटे भाग बनायचे. कुठलं काम कुठल्या मशीनवर कधी चढेल, हे मी सकाळी फळ्यावर लिहायचो. घाईच्या कामाला लाल कार्ड, बाकीच्यांना पांढरं. साहेबांना ज्याचा फोन येई, त्याचं कार्ड लाल. आठवड्यात जवळजवळ सगळा फळा लाल झाला.

पांढरं एकच उरलं. निपाणीच्या एका आक्कांच्या तंबाखू चाळायच्या मशीनचा गियर. मशीन बंद, म्हणून त्यांच्या शेडमधल्या बायका धुळीत बसून हातानं चाळत होत्या. उशीर झाला तर चाळायला दिलेला माल दुसरीकडे नेईन, असं व्यापारी म्हणत होता. आक्का हे रोज फोनवर सांगायच्या, मलाच.

गियर तीनदा मशीनवर चढला आणि दाते पाडायच्या आधीच लाल कार्डांसाठी तीनदा उतरला. दरवेळी त्या मशीनवरचे कारागीर, येळ्ळूरचे आप्पा, तासभर खपून तो नीट बसवायचे. तिसऱ्यांदा ते भडकले.

"सगळंच अर्जंट व्हय रं, कॉलेजवाल्या? मग फळा कशाला पायजे? माझ्या टकलावरच लिव्ह की!"

सगळे हसले. मीही हसलो, याची लाज वाटते.

साहेब म्हणाले, "बाईंना सांग, काम मशीनवर आहे."

"पण सर, उतरवलंय."

"सकाळी होतं ना? मग खोटं काय त्यात?"

मी आक्कांना फोनवर तसंच सांगितलं.

"लई बरं झालं बाळा. बायकांस्नी सांगते, अजून दोन दिस कळ काढा."

 आणि रजिस्टरात सुवाच्य अक्षरात 'काम सुरू' लिहिलं.

चार दिवसांनी आप्पांनी जेवणाची सुट्टी सोडून, कुणाला न विचारता दाते पाडून दिले. मी लगेच फोन लावला.

"आक्का, गियर झाला."



"व्यापाऱ्यानं काल माल उचलला रं बाळा. बायका बी त्या मालामागं दुसऱ्या शेडात गेल्या."