टोरांटोची सरळ रेघ

मुंबई ते टोरांटोचं अंतर मी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मोजलं आणि भरदुपारी घरात जाहीर केलं, "आपल्या सईचं विमान रस्ता चुकलंय." माझी पट्टी अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला गेली होती. मोबाइलवरचं इवलंसं विमान मात्र उत्तरेला, थेट ग्रीनलंडच्या बर्फाकडे निघालं होतं. लेक पहिल्यांदाच एकटी निघालेली.

"अहो, पृथ्वी गोल आहे. तुमच्या शाळेत कळवलं नव्हतं का?" बायको म्हणाली. पण निवडून झालेली मेथी ती पुन्हा निवडत होती.

गोल पृथ्वीवरची जवळची वाट नकाशात वाकडी दिसते, हे मला पटलं. तरी माझी नजर मोबाइलवरून हटेना. सई कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी मी गॅलरीत उभा राहायचो. आता कुठल्या गॅलरीत उभं राहू? ते विमान तर बोटभर सरकायलाही युगं घेत होतं.

अखेर फोन वाजला. "बाबा, उतरले. बॅगाही मिळाल्या."

"पोचली गं!" मी टाळीच वाजवली.

बायको हलकेच म्हणाली, "विमानात होती तोवर वाटेत होती हो. आता लांब गेली."