मालनबाईंची निशाण्यांची माळ

भिंगारच्या शाळेत घंटा देणाऱ्या मालनबाईंना अक्षर वाचता येत नाही. पण आलेला माणूस चपला काढेपर्यंत त्या त्याला वाचून मोकळ्या होतात. मी बी.ए. झालेली, आणि माझी सात वर्षांची दया मला वाचता येत नव्हती. ती बोलत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम असं नाव सांगितलं आणि हात टेकले. हेडमास्तर काकासाहेबांनी मुदत घातली: मार्चपर्यंत हिला काय हवं ते सांगता आलं नाही, तर पटावरून नाव काढू.

"अवो बाई, आमी अडानी मानसं चित्रावर शिक्का मारून आमदार निवडतो," मालनबाई मला म्हणाल्या. "मंग पोरीला चित्र दावून पानी मागता येनार न्हाई व्हय?"

निवडणूक तोंडावर होती. अपक्षांची पत्रकं गल्लोगल्ली पडलेली. मालनबाईंनी त्यांवरच्या निशाण्या कापल्या, खळीने पुठ्ठ्यांवर चिकटवल्या आणि नाडीत ओवून दयाच्या कमरेला बांधल्या. होडी म्हणजे पाणी. सायकल म्हणजे घर. उंट म्हणजे लांब व्हा. "उंट जवळ आलेला कुनाला आवडतो?" होडीला तीन आठवडे लागले. उंट दया दोन दिवसांत शिकली, आणि पहिला मलाच दाखवला.

मग ती माळ काकासाहेबांच्या नजरेला पडली. शाळेत मतदान केंद्र होणार, आणि मुलीच्या कमरेला निशाण्या! मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा ते भरवर्गात मालनबाईंवर गरजत होते.

"शाळेत प्रचार? किती उमेदवारांचा चहा प्यालात?"

"समद्यांचा, गुर्जी. एकाला नाराज कशाला करायचं?"

ते आणखीच चढले. दयाने कान झाकले. आता ही किंचाळणार, नाव आजच जाणार, असं मला वाटलं. तिने एक हात खाली घेतला, माळ चाचपली आणि एक पुठ्ठा थेट त्यांच्या पोटाला टेकवला.

"उंट? हा कोणाचा उमेदवार?"

"कुनाचाबी न्हाई. पोरगी म्हनती, लांब व्हा."

वर्ग खदखदला. काकासाहेब खरंच दोन पावलं मागे सरले. तेव्हा दयाने दुसरा हात काढून होडी दाखवली. ते तिच्याकडे बघतच राहिले. मग स्वतः माठाकडे गेले, पेला भरून आणला. ती घटाघटा प्याली.

पटाचा विषय त्यांनी काढला नाही. मला राहवेना, मीच काढला.

"राहू द्या नाव," ते म्हणाले. "पण मतदान होईपर्यंत ही माळ घरी."

"आनि तवर पोरीनं तहान कशी सांगायची?" मालनबाईंनी विचारलं.

काकासाहेबांनी खडू उचलला आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक वाकडातिकडा माठ काढला.

"लई ब्येस," मालनबाई म्हणाल्या. "आता तुमीबी हुबं ऱ्हा, गुर्जी. निशानी झाली."