ऊन खाण्याचा शब्द

भावाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रोज सकाळी गारखेड्याच्या एका दवाखान्यात डबा घेऊन जायचो. थंडीचे दिवस होते. फुलंब्रीकडची एक म्हातारी नवऱ्याची चाकाची खुर्ची आवारातल्या उन्हात आणून लावायची. झटका आल्यापासून म्हातारा बोलत नव्हता. ती मात्र त्याच्याशी अखंड बोलायची. शेरडांबद्दल, सुनेबद्दल, दवाखान्यातल्या पाणचट चहाबद्दल.

मी इंग्रजी शिकवतो. एकदा राहवलं नाही म्हणून म्हणालो, “मावशी, हे असं बसण्याला इंग्रजीत एक शब्द आहे. ॲप्रिकेट.”

“म्हंजी?”

“ऊन खात बसणं. लॅटिनमधून आलाय. मुळात उन्हाला मोकळी असलेली जागा, असा अर्थ. आता तिकडं फारसं कुणी वापरत नाही.”

“का बरं? त्यांच्याकडं तर थंडी लई असंल.”

मग ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. “ऐकलं का? तुमी इंग्रजीत ऊन खायलाव. कसं लागतंय?”

उत्तराची वाट न बघता ती त्याची शाल सारखी करू लागली. तेवढ्यात म्हाताऱ्याचे ओठ हलले. आवाज जड होता, पण शब्द स्पष्ट होता.

“ग्वाड.”

तिचे हात शालीवरच थांबले. मग ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत तिनं सिस्टरला हाक मारली, “या हिकडं, हे बोलले.”

आपण सगळेच ऊन खातो म्हणतो. ते कसं लागतं, हे मी आजवर कुणाला विचारलं नव्हतं.