कालव्याकाठची पंगत

इन्नंबूरच्या वाटेवर एक आजी रोज शेतात दिसते. तिच्या कमरेला विळा असतो, म्हणून नाव विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. भातात ती एक तण राहू देत नाही, पण कालव्याकाठचं चार हात रुंदीचं रान कधीच कापत नाही. तिथे वाळा, लव्हाळा, माका, ब्राह्मी, सगळी खिचडी.

एकदा मदत म्हणून स्कूटर थांबवून मी त्यातलं मूठभर उपटलं. ती तरातरा आली आणि धाकट्या भावाला दटावावं तसं तमिळमध्ये म्हणाली,

"तम्बी, भात खत खातो कमी, सांडतो जास्त. ते कालव्यात जाण्याआधी ही मंडळी खाऊन टाकतात."

"पण इतक्या जाती कशाला?"

"आवड एकेकाची वेगळी." मग माझ्या मुठीकडे बघत म्हणाली, "भरल्या पानावरून कुणाला असं उठवतात का?"

मी सगळं परत रोवलं. तेव्हापासून त्या वळणावर मी हॉर्नही वाजवत नाही.