चार नंबर प्रेसची स्लाइड

जगातली कुठलीही गोष्ट आठ स्लाइडींत बसते, आणि जी बसत नाही ती मुळात घडलेलीच नसते, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या उरवड्याच्या कारखान्यातले सेफ्टी सुपरवायझर. सगळे त्यांना मामा म्हणत. कारखाना ज्या जमिनीवर उभा आहे त्यातला एक तुकडा त्यांच्या घरचा. जमीन गेली आणि मामा शिट्टी घेऊन गेटवर उभे राहिले. पुढे सेफ्टीचा कोर्स करून सुपरवायझर झाले. त्या कोर्समध्ये कुणीतरी त्यांना कॉम्प्युटरवर प्रेझेंटेशन करायला शिकवलं, आणि तेव्हापासून या माणसाने साधं वाक्य तोंडाने बोलणं जवळजवळ सोडून दिलं. मी स्टोअरमध्ये. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून, त्यामुळे या व्यसनाचा रोजचा साक्षीदार मीच.

पुतण्यासाठी तीन स्थळं आली, तर मामांनी तिन्हींची तुलना स्लाइडवर करून भावकीपुढे मांडली. तिसऱ्या मुलीच्या नावापाशी एक लाल बाण गिरक्या घेत यायचा आणि टाळ्या वाजायच्या. लग्न पहिलीशी झालं. पुतण्याचं तिच्याशी दोन वर्षांपासून जुळलं होतं आणि ते कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. मामा त्या लग्नात पोटभर जेवले, पण "माहिती अपुरी दिली हुती," ही तक्रार त्यांनी अजून सोडलेली नाही.

इतकं असून पडद्यावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्याला कारण घडलं होतं. एकदा पिरंगुटच्या एका हॉलमध्ये त्यांनी आपली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लावली. तिथे मराठी फॉन्ट नव्हता. सगळ्या अक्षरांचे चौकोन झाले. मामा न डगमगता अर्धा तास पाठ केलेलं बोलत राहिले आणि चाळीस कामगार चौकोन बघत राहिले. शेवटी एकानं विचारलं, "मामा, ह्या येवढ्या खिडक्या बसवायच्या कुटं?" त्या दिवसापासून मामा प्रत्येक प्रेझेंटेशन स्वतःच्या मशिनवरून छापूनच वाटू लागले. "पडद्याचं काय खरं? लाइट गेली का समदं गेलं. कागूद ऱ्हातो," असं त्यांचं म्हणणं. एका पानावर दोनच स्लाइडी. सहा घातल्या की मुंग्या दिसतात, म्हाताऱ्या डोळ्यांनी वाचायचं कसं? स्टेपल डाव्या कोपऱ्यात आणि तिरकीच. मुळशीच्या पावसात कागद दमट होऊन प्रिंटरमध्ये अडकतो, म्हणून कागदांच्या गठ्ठ्याला कपाटात बल्ब लावून ऊब द्यायचे. स्वतःच्या नातवाचं अंग इतक्यांदा हात लावून पाहिलं नसेल त्यांनी.

त्यांच्या महिन्याच्या प्रेझेंटेशनमध्ये सातवी स्लाइड पत्रा दाबणाऱ्या चार नंबर प्रेसची असायची. माणसाचा हात आत असला तर प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. त्यानं काम सावकाश होतं, म्हणून तो वायर जोडून निकामी करून ठेवला होता. पहिल्याच महिन्यात मॅनेजर म्हणाले, "मामा, वरचे साहेब बसतात मीटिंगला. ही स्लाइड लपवा." मामांनी लपवली. लपवलेली स्लाइड फाइलमध्ये राहते, पडद्यावर येत नाही. मॅनेजरांना ठाऊक नव्हतं आणि मामांना पक्कं ठाऊक होतं ते एवढंच, की छापताना 'लपवलेल्याही छापा' या चौकटीतली खूण काढली नाही तर तीही छापली जाते. मामांनी ती खूण कधीच काढली नाही. दर महिन्याला चौथ्या पानावर वरच्या अर्ध्यात ती स्लाइड छापून यायची, आणि मॅनेजर न वाचता खाली सही ठोकायचे. मामा ते पान मला दाखवत. "बघा, सायबाची सही हाय. कागदावर आलं म्हंजी झालं." काय खुलायचा तो चेहरा! मीही पोट धरून हसायचो. माझ्या वाटणीच्या प्रतीच्या पाठीवर मी नटबोल्टच्या याद्या करायचो. ते आठवलं की आज मला माझीच चीड येते.

अकरा महिने असे गेले. बाराव्या महिन्यात, सकाळच्या पाळीत, चार नंबर प्रेस ऑपरेटरच्या उजव्या हातावर आली. जालन्याकडचा चाळिशीचा माणूस, पिरंगुटला खोली घेऊन राहणारा, दोन मुलींचा बाप. किंकाळी मी स्टोअरमध्ये ऐकली. मामा धावले, अंगातला शर्ट काढून त्यांनी तो हात गुंडाळला. मनगटापासून पुढे गुंडाळण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्याच संध्याकाळी सेन्सर पुन्हा चालू केला. दहा मिनिटं लागली.

चौकशीला अधिकारी आले. मॅनेजर म्हणाले, आम्हाला कुणी कल्पनाच दिली नाही. मामांनी उठून फाइल टेबलावर ठेवली. अकरा महिने, अकरा सह्या. मला वाटलं, आता मॅनेजर सापडले. अधिकाऱ्यांनी शांतपणे पानं उलटली, आणि मान वर करून मामांनाच विचारलं, "म्हणजे अकरा महिने तुम्हाला माहीत होतं. मशीन बंद करायचा अधिकार तुम्हाला होता ना?"

"व्हय."

"मग बंद का नाही केली?"

मामांनी फाइलवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "सायेब, म्या... छापलं हुतं."

मॅनेजरांची बदली झाली, मामांना घरी बसवलं. त्यांनी वाद घातला नाही. दर रविवारी ते पिरंगुटला त्या ऑपरेटरच्या खोलीवर जाऊ लागले. सुरुवातीला त्याची बायको दार लावून घ्यायची. मामा पायरीवर तासभर बसून परत यायचे. पुढे कधीतरी तिनंच आत बोलावलं.

परवाच्या रविवारी मी त्यांना गाडीवर घेऊन गेलो. तो माणूस डाव्या हातानं सही शिकतोय. एका हातानं लिहिताना कागद सरकतो, म्हणून मामा समोर बसून दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरतात. अक्षर वाकडं गेलं की तो थांबतो, मामाही मान खाली घालून थांबतात. परत येताना घाटाच्या तोंडाशी मामांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "त्यानं अजून मला इचारलं न्हाई, का न्हाई बंद क्येली म्हून. इचारलं तर काय सांगू?"

मी गाडीचा वेग कमी केला. अकरा महिने प्रेस बंद करायच्या त्या बटणापर्यंत चालत जायला मलाही कुणी अडवलं नव्हतं.