तुगियेमने पट्टा सोडला

तुगियेमच्या वाटेला बाजारात कुणी जात नसे. जावा बेटावरच्या सोलो शहरात, भाजीबाजारात पाठीला शालीने पोती बांधून वाहणाऱ्या बायांत ती सगळ्यांत जुनी, आणि तोंडाने महाफटकळ. एखादा व्यापारी म्हणाला, "यू, अजून एक चढवू?" की हिचं उत्तर तयार, "चढव की! आणि वर तूही बस!" यू म्हणजे ताई. अख्खा बाजार तिला यूच म्हणे.

पण याच बाईने एक गोष्ट वीस वर्षं कुणाला कळू दिली नव्हती. एकुलती लेक वार्तिनी झाली आणि हिचं अंग बाहेर यायला लागलं. शिंक आली की नेसलेला सारोंग ओला. मग हिने काय केलं? कमरेला गुंडाळायचा तो दहा हात लांब पट्टा, सेतागेन, आणखी आवळला. आईने तेच सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. खाली उतरतंय? आवळ. अजून उतरतंय? अजून आवळ. कितीजणी अशा कंबर आवळून ओझी वाहत होत्या, आणि प्रत्येकीला वाटायचं, आपणच तेवढ्या बिघडलेल्या. कसली मेली ही रीत!

गेल्या वर्षी मिरचीचं पोतं उचलताना ती मटकन खाली बसली ती उठेचना. सरकारी दवाखान्यातल्या सुईणबाई, बू हार्यानी, यांनी तिला तपासलं आणि विचारलं, "यू, तांदळाच्या पोत्याचं पोट दोरीने करकचून आवळलं, तर तांदूळ कुठे जातो?"

"खालच्या शिवणीवर," तुगियेम म्हणाली, आणि तिला स्वतःचाच संताप आला. जन्मभर पोती वाहिली आणि एवढं सुचू नये?

बू हार्यानींनी अंग वर धरून ठेवणारी रबराची कडी आत बसवली, वर शिकवलंही. लघवी अडवावी तसं आतून वर ओढायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. ओझं उचलताना श्वास कोंडायचा नाही, बाहेर सोडायचा. तुगियेमने ते नेमाने केलं. पट्टा सैल झाला, ओझं निम्म्यावर आलं, हळूहळू शिंकेची भीतीही गेली. बोलली मात्र ती कुणापाशीच नाही.

मग नातवाचा पस्तिसावा दिवस आला. त्या दिवशी रीतीप्रमाणे वार्तिनीच्या सासरी जेवण होतं. बाळाचे केस कापून झाले, केळीच्या पानांवर भात, सोयाबीनचं तेंपे आणि खोबरं घातलेली भाजी वाढली गेली, गल्लीतल्या बायका जमल्या. सासू पाइकेम ही गल्लीची मालीशवाली. तिने सुनेला सगळ्यांसमोर उभं केलं आणि पट्टा गुंडाळून ओढायला लागली.

"पुरे झालं लोळणं. उद्यापासून बाजारात. कोबीची पोती वाट बघतायत."

वार्तिनी आईच्या कानाशी वाकली. "म्बोक, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं गं. खोकले की..." पुढचं तिला बोलवेना.

तुगियेमला एकदम कळलं, आपण तोंड शिवून बसलो, म्हणून पोरगी त्याच खड्ड्यात चाललीय.

"पाइकेम, सोड तो पट्टा."

"यू, तुमची भांडणं बाजारात."

"सोड म्हणते ना! ऐका गं सगळ्याजणी. माझं अंग बाहेर येतं. वीस वर्षं झाली. आवळून आवळून मीच ते खाली ढकललं!"

"शी! जेवताना काय हे? पलीकडे पुरुष बसलेत!"

"बसू देत की! ते काय झाडावरून पडलेत? ह्याच वाटेने आलेत सगळे!"

एक तरुण पोरगी फिस्सकन हसली. पाइकेमचा चेहरा लालबुंद झाला. "या हातांनी मी अर्ध्या गल्लीची पोटं बांधलीत. त्या काय सगळ्या वेड्या?"

मग कोपऱ्यातली म्हातारी गिनाह पानावरून मान न उचलता म्हणाली, "मलाही आहे गं, पाइकेम. चौथ्या बाळंतपणापासून." तिच्या शेजारची म्हणाली, "मलाही."

पाइकेमने हातातल्या पट्ट्याच्या टोकाकडे पाहिलं. आवाज उतरला होता, पण हट्ट नव्हता सुटला. "आणि कोबी कोण वाहणार?"

"मी. निम्मं निम्मं करून. ज्याला घाई असेल त्याने स्वतःच्या पाठीवर घ्यावं. पोरगी आधी बू हार्यानींकडे जाईल. त्या सांगतील तेव्हाच बाजारात, आणि त्या सांगतील तेवढंच ओझं."

सासूकडे न बघता वार्तिनीनेच पट्टा सोडायला घेतला. वेढ्यामागून वेढा जमिनीवर पडला. कुणीही तिला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाइकेमच्या अंगणात तोच पट्टा दोन खुंट्यांना ताणून बांधला होता आणि त्यावर बाळाची दुपटी वाळत होती. गाठ पाइकेमच्या हातची होती. अख्खी गल्ली ती गाठ ओळखायची.