देवाच्या विहिरीच्या पायऱ्या

सेवा मंडळाने मला माणदेशातल्या त्या गावी धाडलं, तेव्हा सांगलीहून निघताना मी देवापुढे साधा हातही जोडला नव्हता. देव मानत नव्हतो असं नाही. पण त्याचं काम त्याने करावं, आमचं आम्ही करू, अशी माझी सोयीची समजूत होती. लढाईचे दिवस होते. गावातले तरणे गडी पलटणीत गेलेले, आणि मागे राहिलेले निम्मे नारूने लंगडत होते. नारू म्हणजे पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा किडा. फोडाची इतकी आग होते, की माणूस धावत जाऊन पाय पाण्यात बुडवतो. किडा तिथे पिलं सोडतो, आणि ते पाणी जो न गाळता पितो त्याला पुढल्या साली नारू होतो.

गावाला पाणी एकच, सिद्धनाथाच्या देवळामागच्या पायऱ्यांच्या विहिरीचं. पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या आणि वर रहाट बसवायचा, एवढंच आमचं काम होतं. पण गुरवाने पाण्यात उतरून, हाताने घागर बुडवूनच देवाचं पाणी आणायचं, ही तिथली पूर्वापार रीत. दोराने ओढलेलं पाणी नाथाला चालत नव्हतं. गुरव स्वतः नारूने अंथरुणाला खिळलेला, म्हणून त्याची बायको पाणी आणी. देवळापुढे गाव जमवून मी पोटतिडकीने बोललो, तर तीच उठून म्हणाली, "आवं मास्तर, पायऱ्या बुजवल्या तर देवानं काय पारोसं ऱ्हायचं व्हय?" सगळे हसले आणि उठून गेले. भिंतीचे दगड तसेच पडून राहिले. मंडळाला काय कळवावं, ते मला सुचेना.

त्या उन्हाळ्यात माझ्याच घोट्यावर फोड आला. वर्षभर मीही तेच पाणी पीत होतो, आणि घाईत गाळायचं कितीदा तरी राहून जायचं. मिरजेला दवाखान्यात जायचं तर मोटारीच्या रस्त्यापर्यंत चालवत नव्हतं. देवळाच्या ओवरीत पडल्या पडल्या ती आग अशी वाढत गेली, की वर्षभर लोकांना सांगितलेलं सगळं डोक्यातून पुसलं गेलं. भर दुपारी, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, मी बसल्या बसल्या सरकत विहिरीच्या पायऱ्या उतरलो. हिरवंगार पाणी एका पायरीवर राहिलं. तिथे मला रडू फुटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हणालो, नाथा, माझ्याच्यानं आता राहवत नाही, तूच मला आवर.

"मास्तर! पाय टाकू नगा!"

गुरवीण होती. ती दुपारची कधीच विहिरीवर येत नसे. पण सकाळी तिच्या हातून देवाची घागर उंबऱ्यावर लवंडली होती, म्हणून ती दुसऱ्यांदा पाण्याला आली होती. तिने मला खांद्याला धरून मागे ओढलं, घागर भरली आणि मला कसंबसं वर नेऊन पार लांब, बाभळीखाली बसवलं. मग देवासाठी भरलेली ती घागर तिने माझ्या पायावर हळूहळू ओतली.

"मावशी, हे देवाचं पाणी," मी म्हणालो.

"असू द्या. त्येला कुटं आग हुतीया?"

पुढे ती रोज ओवरीत येऊन माझा नारू काडीवर गुंडाळायची. तो ओढून चालत नाही. तुटला तर पाय सडतो. बाहेर येईल तेवढाच घ्यायचा आणि काडी बांधून ठेवायची. मी उतावळा माणूस, घाई करायचो. ती म्हणायची, "गप पडा. त्येच्या कलानं घ्या." पडून राहायचं कसं ते मी तिथे शिकलो. त्या दिवशी घागर का लवंडली, याचा खल मी आजवर केलेला नाही. मी हाक मारली आणि कुणीतरी आलं, मला तेवढं पुरतं.

मी उभा राहायच्या आतच भिंतीला हात लागला होता. गुरवीण घरोघर जाऊन म्हणाली होती, "देवाचं पाणी म्या मास्तरच्या पायावर वतलं. देव रुसला न्हाई. मग दोराच्या पाण्याला का रुसंल?" पलटणीतल्या पोरांच्या म्हाताऱ्या बापांनी दगड उचलले. मंडळाने रहाट आणि गवंडी दिला; बाकी सगळं गावानं केलं.

रहाटाची पहिली घागर देवळात गेली, तेव्हा मी काठी टेकत मागोमाग गेलो. सगळा गाव बघत होता. गुरविणीने कळशीच्या तोंडावर धुतलेलं धडुतं दुहेरी बांधलं आणि घागरीतलं पाणी त्यातून गाळून घेतलं. पाणी गाळून प्या म्हणून मी वर्षभर दारोदार घसा कोरडा केला होता, एकाही घरानं ऐकलं नव्हतं. तिने नाथाला आंघोळ घातली आणि वळून म्हणाली,

"आदी देवाला गाळून दिलंया, मास्तर. आता कोन न्हाई म्हनंल?"

तिने तीर्थ पुढे केलं. मी दोन्ही हातांची ओंजळ केली. डोळे पुसायला हात मोकळा राहिला नाही.